गाडी किती देते?

जुनी गाडी : भाग सहावा

पिंपळवंडीत जुन्या मारुती ८०० च्या मालकाला 'किती देते?' असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं : 'आरामात वीस!' हा आकडा बहुधा कधीकाळी काट्याकडे बघून काढलेला असतो आणि गाडी विकेपर्यंत तोच सांगितला जातो. गाडी खरंच वीस देतही असेल. पण मोजल्याशिवाय कळायचं कसं?

८०० ची टाकी २८ लिटरची. पंपावर नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, पोऱ्याला 'अजून थोडं बसेल' म्हणू द्यायचं नाही. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तसंच पहिल्या कटपर्यंत भरायचं. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा बसलेलं पेट्रोल, हे झालं ॲव्हरेज. ३०६ किलोमीटरला १८ लिटर लागलं तर १७. पाचशे रुपयांचं टाकून हिशेब मांडणाऱ्यांचं पेट्रोल जेमतेम पाच लिटर असतं. त्यात लिटरभर अंदाज चुकला की चूक वीस टक्क्यांची. १८ लिटरमागे तीच चूक साडेपाच टक्क्यांवर येते. बारा इंची चाकाला कुणी थोराड टायर चढवले असतील, तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. महामार्गावरच्या दगडांशी एकदा ताडून बघावं.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्याचा नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर, आखून दिलेल्या वेगांनी चालवतात. कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. पेट्रोल किती जळलं ते धुरातल्या कार्बनवरून काढतात. त्या रोलरवर चाकणचा तळेगाव चौक नाही! कोंडीत उभी असलेली ८०० तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते आणि त्या तासाचं ॲव्हरेज शून्य असतं. चाकण सुटल्यावर वेळ भरून काढायला आपण गाडी पिटाळतो, ते वेगळंच. साठवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध जवळपास पावणेदोनपट होतो. ही गाडी भरते साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे चार मोठी माणसं आणि डिकीत टोमॅटोचे दोन क्रेट म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याजवळ जाणारा बोजा. वजनाचा फटका विशेषतः चढाला आणि दर वेळी थांबून गाडी उचलताना बसतो.

आता उताराकडे. ओतूर, मढ मागे टाकून माळशेज उतरायला लागलं की आपल्याकडचे कित्येक जुने ड्रायव्हर सवयीनं न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. २००० च्या सुमारास ८०० मध्ये इंजेक्शन आलं. अशा गाडीत हिशेब बरोबर उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंजेक्टर बंद करतो. तेवढ्या उतारापुरतं पेट्रोल जळतच नाही. न्यूट्रल केलं, की इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावं लागतं. कार्बुरेटरवाल्या गाडीत पुरवठा असा पूर्ण तुटत नाही, म्हणून जुन्या सवयीत थोडं तथ्य होतं. पण घाटात कुठलीही गाडी न्यूट्रल करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही जाते. वाचलेल्या दोन चमच्यांसाठी एवढं कशाला?

अलीकडे ॲव्हरेज पडल्याची तक्रार करणारे सगळेच चुकीचं मोजत नाहीत. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉलचा, म्हणजे मिश्रणात साधारण सहा-सात टक्क्यांची तूट. शुद्ध पेट्रोलवर १७ देणारी गाडी १६ देऊ लागली तर मेकॅनिकला दोष देऊ नये. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला ऊस घालणाऱ्याला इथेनॉल हवंच असतं. त्याच्याच अंगणात जुनी ८०० उभी असली, तर तो एका हातानं घेतो आणि दुसऱ्या हातानं देतो.

कार्बुरेटरवाल्यांना यात आणखी एक अडचण आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असेल, तर संगणक त्याप्रमाणे पेट्रोल वाढवून मिश्रण जमवून घेतो. कार्बुरेटरचं जेट मात्र ठरल्या मापाचं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, गाडी सकाळी कुरकुरते आणि उचलताना झटका देते. शिवाय जुन्या रबराचे पाइप आणि गॅस्केट इथेनॉलनं फुगतात, चिरतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, तर ॲव्हरेजचं गणित बाजूला ठेवून आधी पाइप बदलून घ्या. कुठले पाइप आणि कसे ओळखायचे, ते पुढच्या भागात.