घाम वाळला तरच गारवा

मे महिन्यात नागपूरचे पाहुणे मुंबईला आले की हमखास म्हणतात, “आमच्याकडे पारा ४४ वर जातो, पण तुमच्या ३४ मध्ये जीव जास्त कासावीस होतो.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोन्ही गावी घाम येतोच. फरक आहे तो घाम वाळण्यात.

त्वचेवरच्या १ ग्रॅम घामाची वाफ होते तेव्हा सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते व ती मुख्यतः शरीरातून घेतली जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता निर्माण होते. आता गणित तुम्हीच करा. १ लिटर घाम पुरता वाळला, तर साडेसहा तासांहून अधिक वेळाची उष्णता निघून जाते! पण दमट हवेत घाम वाळत नाही, ओघळतो. त्याबरोबर पाणी जाते, मीठ जाते; उष्णता मात्र अंगातच राहते. मग शरीर आणखी घाम गाळते. हा आतबट्ट्याचा व्यवहार उष्माघातापर्यंत जाऊ शकतो.

घामावाचून उष्णता बाहेर काढता येईल काय? आपली त्वचा अवरक्त किरण सोडत असते. त्यांची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि सुती कापड ते शोषून घेते. २०१६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीनचा सच्छिद्र पडदा कापड म्हणून तपासला. पॉलिएथिलीन म्हणजे आपल्या दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक. त्याचा असा पडदा लिथियम बॅटरीत असतोच. त्याची छिद्रे ५० ते १००० नॅनोमीटरची, म्हणजे साधारण दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी. त्यामुळे प्रकाश विखुरतो व कापडातून आरपार दिसत नाही. लांब तरंगांचे अवरक्त किरण मात्र सहज पार होतात. त्याखाली कृत्रिम त्वचेचे तापमान सुती कापडाखालच्यापेक्षा २.७ अंश सेल्सिअसने कमी राहिले. घाम टिपता यावा म्हणून प्रक्रिया केलेल्या कापडाखाली हा फरक २ अंश होता.

पण घाई नको. भोवतालचे पत्रे, भिंती त्वचेहून तापलेल्या असतील, तर त्यांचे किरणही याच वाटेने आत शिरतील! भर उन्हात डांबर टाकणाऱ्या मजुराला हे कापड फारसे तारणार नाही. त्याच्या शरीरातून किती मीठ-पाणी गेले, हे वेळीच कळणे अधिक मोलाचे.

त्या दिशेनेही काम झाले आहे. २०१६ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी मनगटी पट्टा तयार केला. घामातील सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज व लॅक्टेट तो एकाच वेळी मोजतो. सोडियमची संहती दसपट झाली की त्याच्या विद्युत्-अग्राचे विभव सुमारे ६० मिलिव्होल्टने बदलते. पट्ट्यात तापमापकही आहे. तो कशाला? ग्लुकोज मोजणाऱ्या विकराची क्रिया उष्णतेने वेगावते. ती दुरुस्ती केली नाही, तर त्वचा तापताच साखर वाढल्याचा भास होईल.

तरी एक मेख उरतेच. घाम वेगाने येऊ लागला की त्यातील सोडियमची संहतीही वाढते. म्हणून नुसत्या संहतीवरून एकूण किती मीठ गेले हे कळत नाही. घाम किती आला तेही मोजावे लागते. त्याचे साधे साधन शाळेत असते : वजनकाटा. खेळापूर्वी व खेळानंतर, अंग पुसून व कोरडे कपडे घालून वजन करा. मध्ये काही खाल्ले-प्यायले नसेल, तर १ किलोग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ १ लिटर घाम.