पडका मठ आणि कावळ्यांचं झाड

जर्मन चित्रकार कास्पर डाविड फ्रीडरिख (१७७४–१८४०) याच्या निसर्गचित्रांत पक्षी आणि भग्नावशेष नुसते शोभेला येत नाहीत. दोन चित्रं बघा.

🏚️ 'ओकवनातील मठ' (१८०९–१०), बर्लिन
बर्फात उभी एकच पडकी भिंत, त्यात उंच रिकामी खिडकी. खाली भिक्षू शवपेटी घेऊन दारातून आत चाललेत. भिंत एल्डेनाच्या मठाची, फ्रीडरिखच्या जन्मगावाजवळची. १७व्या शतकात तटबंदीसाठी तिथल्या विटा काढून नेल्या होत्या. जीर्ण मठ आणि निष्पर्ण ओक म्हणजे सरलेला काळ. पण वरचं आकाश उजळ आहे. मृत्यूपलीकडची आशा तिथे वाचली जाते.

🐦‍⬛ 'कावळ्यांचं झाड' (सु. १८२२), लूव्र, पॅरिस
वेडावाकडा ओक, मागे प्राचीन दफनटेकडी, भोवती कावळे. युरोपीय परंपरेत हे पक्षी मृत्यूचे सूचक. इथेही क्षितिजावर मावळतीचा सोनेरी-तांबूस प्रकाश आहेच.

त्याचं चित्र पाहताना आधी खालचा अंधार बघा, मग वरचा उजेड. अर्थ बहुधा या दोहोंच्या ताणात असतो.

तुम्हाला यातलं कोणतं जास्त भावलं?

#चित्रकला #निसर्गचित्र