भेटवस्तूचे वेष्टन आणि शाळेचा निधी

दिवाळी जवळ आली की झाशीच्या माणिक चौकात, सदर बाजारात आणि सिपरी बाजारात मिठाईच्या डब्यांचे मनोरे उभे राहतात. डबा दुकानातून घरी येतो, घरून स्नेह्यांकडे जातो आणि त्यावरचा चकचकीत कागद दोन मिनिटांत फाटून केरात पडतो. या दोन मिनिटांच्या कागदातून एखाद्या शाळेला ग्रंथालयाचे कपाट किंवा मंडळाला नव्या सतरंज्या मिळू शकतील काय? मिळू शकतील. मात्र त्यासाठी हिशेब आधी मांडावा लागतो.

सार्वजनिक कामासाठी पैसा उभारायचा म्हटले की मराठी माणसाच्या हाती प्रथम पावतीपुस्तक येते. झाशीलाही हा रिवाज नवा नाही. नेवाळकरांच्या या गावात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत आणि ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला, ते त्यांच्या आस्थेचे स्थान आहे. कुटुंबावरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी, या हेतूने १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसेही या झाशीत येऊन राहिले होते. मागून मिळवणे हा मार्ग जुना आणि सन्मान्यच. तथापि त्याच घरांकडे, त्याच कारणासाठी, दरवर्षी जावे लागते तेव्हा देणाऱ्याचा हात आखडतो आणि मागणाऱ्याचा आवाजही. वेष्टनाचा उपक्रम वेगळा ठरतो तो याच ठिकाणी. येथे देणाऱ्याला त्याच्या पैशाच्या मोबदल्यात काम करून मिळते.

नक्षीदार वेष्टनाच्या व्यापाराची सुरुवात योगायोगाने झाली. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातील साधा पातळ कागद संपला. पाकिटांच्या अस्तरासाठी आणलेला फ्रेंच कागद त्यांनी दहा सेंटला एक याप्रमाणे मांडला, आणि तो हातोहात खपला. पुढे त्या देशातील शाळांनी हा कागद निधीसाठी वापरला. कंपनी नमुन्यांची पुस्तिका देते, मुले शेजारीपाजारी मागणी नोंदवून आणतात आणि विक्रीतला ठरावीक वाटा शाळेला मिळतो. ही पद्धत सोयीची खरी. पण तिच्यात आठ-दहा वर्षांची मुले दारोदार फिरणारे विक्रेते होतात. ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. बाजारपेठेत किंवा शाळेच्या पटांगणात टेबल मांडून, लोकांनी आणलेल्या वस्तू जागीच बांधून देणे अधिक बरे. मोठ्या वर्गातील मुले व पालक वेष्टने बांधतील. लहानांनी नाव लिहिण्याच्या चिठ्ठ्या रंगवाव्यात.

झाशीला या कामात एक अनुकूलता आहे, ती कागदाची. बेतवेच्या काठचे ओरछा येथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर. तेथे डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज या संस्थेने १९९० च्या दशकात ‘ताराग्राम’ हे केंद्र उभारले. त्यातील हातकागदाच्या विभागाने प्रामुख्याने सहरिया या आदिवासी समाजातील स्त्रियांना रोजगार दिला. दुसरे ठिकाण कालपी. एप्रिल १८५८ मध्ये झाशी सोडल्यावर राणी लक्ष्मीबाई जेथे पोहोचल्या, तेच यमुनाकाठचे गाव. हातकागद हा तेथील जुना धंदा, आणि उत्तर प्रदेश शासनाने २०१८ मध्ये ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना सुरू केली तेव्हा जालौन जिल्ह्यासाठी याच कागदाची निवड झाली. महाराष्ट्रातील वाचकांना जुन्नरचे किंवा दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याचे कागद आठवतील. पुण्यातही हातकागद संस्था १९४० पासूनची आहे.

हातकागदासाठी झाड तोडावे लागत नाही. सुती कापडाच्या चिंध्या निवडून, बारीक कापून, पाण्याबरोबर कुटून त्यांचा लगदा करतात. पातळ लगद्याच्या हौदात जाळीची चौकट बुडवून अलगद उचलली की पाणी निथळते आणि जाळीवर कागदाचा थर राहतो. तो कापडावर उलटतात, दाबयंत्रात पिळतात आणि दोरीवर वाळत घालतात. शेवटी रुळांतून काढला की कागद गुळगुळीत होतो. वाळवण्याचे काम हवेवर अवलंबून असल्याने पावसाळ्यात ते रेंगाळते. म्हणून राखीपौर्णिमेसाठी लागणारा कागद मे महिन्यातच घेऊन ठेवणे शहाणपणाचे, आणि दिवाळीचीही मागणी पाऊस सुरू होण्यापूर्वी नोंदवलेली बरी.

खरेदी करताना जाड, देखण्या कागदाचा मोह टाळावा. निमंत्रणपत्रिकेला शोभणारा कागद डब्याच्या कोपऱ्यावर दुमडताना तडकतो. वेष्टनास पातळ व मऊ कागद लागतो. खरखरीत पृष्ठभागावर चिकटपट्टी नीट बसत नाही. खळ आणि सुती दोरा यांनी काम भागते आणि दिसतेही सुरेख. गडद रंगाच्या कागदाचा तुकडा आधी ओल्या बोटाने चोळून पाहावा, नाहीतर एखाद्या पांढऱ्या साडीवर तो रंग कायमचा राहील.

आता मापे. हातकागदाचा प्रचलित ताव ५६ बाय ७६ सेंटिमीटरांचा असतो. २० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरांच्या मिठाईच्या डब्याला सुमारे ४२ बाय २८ चा तुकडा पुरतो. म्हणजे एका तावात दोन डबे बसतात आणि उरलेल्या पट्टीत चिठ्ठ्या निघतात. साडीच्या खोक्याला मात्र पूर्ण ताव जातो.

समजा, ताव १८ रुपयांना पडला. लहान डब्याचा कागद ९ रुपयांचा, दोरा व खळ ३ रुपयांची; आकार २५ रुपये ठेवला तर १३ रुपये उरतात. मोठ्या खोक्याला २२ रुपये खर्च येईल. ४० रुपये घेतले तर १८ उरतील. तीन टेबलांवर ताशी प्रत्येकी आठ याप्रमाणे रोज चार तास काम झाले, तर सहा दिवसांत ५७६ वेष्टने होतात. निम्मी लहान, निम्मी मोठी धरली तर शिल्लक ८,९२८ रुपये. वाया गेलेले ताव वजा जाता आठ हजारांच्या आसपास हाती राहतील. प्रत्येक टेबलावर दोघे धरले तर यासाठी १४४ तासांचे श्रम लागले, हेही विसरू नये. इमारतनिधीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक आहे, आणि ज्यांना इमारत बांधायची आहे त्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे. एका कपाटासाठी मात्र ती पुरेशी ठरू शकते. याच हिशेबातील आणखी एक आकडा पाहण्याजोगा आहे. या वेष्टनांना ४३२ ताव लागले. त्यांची किंमत ७,७७६ रुपये. कागद थेट उत्पादन केंद्रातून घेतला, तर शाळेला मिळाले जवळजवळ तितकेच पैसे कागद करणाऱ्यांकडेही गेले.

पैसा कोणाच्या नावावर जमा होतो, हा यातील नाजूक भाग. टेबलावर ठेवलेला क्यूआर कोड अनेकदा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या किंवा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा असतो. हेतू निर्मळ असला तरी पुढे कुजबुज सुरू होते आणि चांगला माणूस विनाकारण दुखावतो. शासकीय व अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात; उपक्रमाचा ठराव तिच्याच सभेत व्हावा. मंडळाने संस्थेच्या नावे खाते उघडावे, त्यावर दोघांच्या संयुक्त सह्या असाव्यात आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा घ्यावा. रोख रक्कम रोज दोघांनी मोजावी व दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. दिलेला आकार ही देणगी नव्हे, कामाचा मोबदला आहे; तेव्हा त्यावर आयकराच्या सवलतीचे आश्वासन कोणालाही देऊ नये.

टेबलाशेजारी एक फलक असावा: निधी कशासाठी, कागद कोठला, कालपर्यंत किती जमले. शेवटच्या दिवशी कपाटाच्या खरेदीची पावती त्याच फलकावर लावावी, आणि उरलेले ताव कोरडे, सपाट ठेवून नाताळासाठी जपावेत.