कुलरचाही जमा-खर्च मांडा!

मे महिना लागला की अनसिंगसारख्या वऱ्हाडातल्या गावात टिनाखाली राहणाऱ्या माणसाचे काय हाल होतात, ते वाचकांना वेगळे सांगायला नको. दुपारी पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्रा तापतो, म्हातारी माणसे नि लेकरे तळमळतात. कष्टकऱ्याच्या घरात तेव्हा एकच आधार, तो म्हणजे कुलर. पण हा कुलर खरोखर किती काम करतो, हे आपण कधी तपासतो काय?

मागच्या उन्हाळ्यात आमचा जुना कुलर नुसता वारा फेकू लागला. एका दुपारी आमच्या वृद्ध आईला घेरी आली. आम्ही घाबरलो. हप्त्याने नवा कुलर आणायचे ठरले. पण आम्ही पडलो कारकून! पैसा खर्च करण्याआधी जमा-नावे पाहायची सवय. म्हणून आधी जुन्या कुलरचाच हिशेब मांडला.

थंड देशांत घरातली कोंदट हवा बाहेर टाकताना तिची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी यंत्रे असतात. तिथले लोक यंत्राला तापमापक लावून किती ऊब वाचली याची टक्केवारी काढतात. आपले दुखणे उलटे आहे; पण हिशेबाची रीत तीच.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसे काचेचे दोन तापमापक घ्यावेत. ताप मोजायचे थर्मामीटर इथे चालत नाही. दोन्ही तापमापक कुलरच्या मागे सावलीत धरावेत. एक कोरडा ठेवावा. दुसऱ्याच्या टोकाला पांढऱ्या सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळावी. वाऱ्यात पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहावेत. मग कोरडा तापमापक पुसून कुलरच्या तोंडाशी धरावा.

आमचे आकडे असे आले : बाहेर कोरडे ४२, ओले २४. म्हणजे त्या दिवशी कुलर हवा जास्तीत जास्त १८ अंशांनी गार करू शकत होता. तोंडाशी पारा ३१ होता. गारवा मिळाला ११ अंश. ११ भागिले १८, म्हणजे ६१ टक्के. बाकीचा गारवा बुडीत खाती!

मग कुलर उघडला. गवतावर क्षार बसून ते दगडासारखे झाले होते आणि पाणी सोडणाऱ्या नळीची अर्धी छिद्रे बुजली होती. गवत बदलले, छिद्रे सुईने मोकळी केली. दुसऱ्या दिवशी बाहेरचे आकडे तेच होते, पण तोंडाशी पारा २७. म्हणजे १५ भागिले १८, ८३ टक्के. नव्या कुलरचा हप्ता वाचला आणि आई दुपारी शांत झोपली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कुलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावल्या, तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि अंग चिकचिकते. कुलरची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे असावी आणि समोरची खिडकी थोडी उघडी असावी. आलेल्या हवेला जायला वाट हवी.

मृग लागल्यावर मात्र कुलरला दोष देऊ नये. बाहेर ३४ आणि ओले २७ असेल, तर मुळात शिल्लकच ७ अंशांची. चांगल्यातला चांगला कुलरही २८ च्या खाली फारसा जाणार नाही.

माताभगिनींना एक कळकळीची विनंती. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करून पिनही काढावी, कुलरला अर्थिंग असावे आणि मुलांना त्याच्याजवळ खेळू देऊ नये. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासावी, नाही तर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि उन्हाने कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर अंगावर गार पाणी ओतत ताबडतोब दवाखाना गाठावा. तिथे कुलरच्या भरवशावर बसू नये.

आम्ही आता भिंतीला एक वही टांगली आहे. तारीख, कोरडे, ओले, तोंडाशी, टक्के, असे पाच रकाने. दर रविवारी आमची नववीतली मुलगी ते भरते. टक्के सत्तरच्या खाली आले की ती स्वतःच सांगते, “बाबा, गवत पाहा!” घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू पुरते काम देते की नाही, हे पाहायला मोठे शिक्षण लागत नाही. वही लागते आणि विचारायची सवय लागते.