टँगोची सख्खी शेजारीण: फिलेतेआदो

टँगो म्हटलं की आपल्याला फक्त डान्स आठवतो. पण ब्यूनस आयर्समध्ये टँगोच्या हॉलवरची पाटी बघितली, तर तिच्यावर एक नक्षी हमखास सापडते. वळत जाणारी पानं, फुलं, पक्षी, ड्रॅगन, निळ्या-पांढऱ्या रिबिनी आणि मधोमध नटलेली जाड अक्षरं. या चित्रकलेचं नाव फिलेतेआदो. मूळ शब्दाचा अर्थ धागा, म्हणजे इथे बारीक रेघ.

हिचा जन्म घोडागाडीवर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीहून हजारो माणसं कामासाठी या बंदरात उतरली. त्यांच्यातल्याच काहींनी दूध, पाव, भाजी वाहणाऱ्या गाड्या रंगवायला घेतल्या. गाडीवर मालकाचं नाव यायचं आणि सोबत एखादं खट्याळ वाक्यही. लेखक बोर्हेस यांना ती वाक्यं इतकी आवडली, की 1930 च्या पुस्तकात त्यांनी त्यावर चक्क एक लेख लिहिला.

पद्धत आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. डिझाइन अर्धंच काढायचं, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवून वरून पावडर थोपटायची. ठिपके उमटले की कागद उलटा करून दुसरी बाजू. झाली मिरर इमेज! (ड्रॉइंग हॉलमध्ये सेंटरलाइनवर घाम गाळणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) मग लांब केसांच्या ब्रशने एका दमात रेघ ओढायची. शेवटी सावली आणि पांढरी चमक दिली, की सपाट फळीवरचं पान उठून आल्यासारखं दिसतं.

आता टँगोशी नातं काय? तर वस्ती एक आणि माणसं एक. टँगोही याच बंदरावरच्या गरीब वस्त्यांत, याच स्थलांतरितांमध्ये वाढला. इटालियन शब्द मिसळलेली तिथली बोली, लुन्फार्दो, टँगोच्या गाण्यांत शिरली. आबास्तो हा शहराचा मोठा भाजीबाजार, आणि टँगोचा सर्वात लाडका गायक कार्लोस गार्देल याच भागातला. 1935 साली विमान अपघातात तो गेला. पुढे त्याचा हॅट घातलेला हसरा चेहरा फुला-पानांमध्ये असा बसला, की आता तो नक्षीचाच भाग वाटतो.

घोडागाड्या गेल्यावर ही नक्षी ट्रक आणि बसवर आली. पण 1975 मध्ये बसवर ती रंगवायला बंदी आली. कारण काय, तर बसचा नंबर वाचताना प्रवाशांचा गोंधळ होतो! कितीतरी पेंटरांचा हक्काचा पत्रा एका फटक्यात गेला. कला तगली ती दुकानांच्या पाट्या, चित्रांच्या फळ्या आणि टँगोच्या जागांच्या आधाराने. मार्तिनियानो आर्से यांनी तर 1997 मध्ये एका रॉक बँडच्या अल्बमचं कव्हरही केलं.

युनेस्कोच्या यादीत टँगो 2009 मध्ये गेला, फिलेते 2015 मध्ये. मान मोठाच, पण मला विचाराल तर भाजीवाल्याच्या गाडीवरचा तिचा रुबाब टुरिस्टच्या की-चेनवर येत नाही. तो बघायचा तर आबास्तोमधल्या जाँ जोरेस रस्त्यावर. तिथे घरांच्या भिंतीच रंगवल्यात, आणि गार्देलने आईसाठी घेतलेलं घर, आता म्युझियम झालेलं, त्याच रस्त्यावर आहे.