स्कूबाचं सामान सुट्टीत वाळवायचं कुठं आणि सांभाळायचं कसं?

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास करतो. एक, पाण्याखाली ‘ओके’ची खूण करतानाचा व्हिडिओ स्टेटसला टाकतो. दोन, त्याच रात्री ऑनलाइन मास्क बघायला लागतो. मग मास्क येतो, वेटसूट येतो, रीतसर कोर्स होतो. आणि पुढच्या खेपेला अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जाताना बॅगेत स्वतःचा रेग्युलेटर असतो. पंख्याचा नाही. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा, चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीचा.

पाण्याखाली काय करायचं ते इन्स्ट्रक्टर नीट शिकवतो. पण दुपारी हे सगळं ओलंचिंब घेऊन तुम्ही रूमवर येता, तेव्हा करायचं काय?

गोची अशी आहे की सामान वाळायला मोकळी हवा लागते आणि सुरक्षित राहायला बंद दार. बाल्कनीत ते छान वाळतं, पण जातंही तिथूनच. माझ्या एका मित्राने हॅवलॉकला वेटसूट कठड्यावर टाकला आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच्याच बाहीला बांधून ठेवला. सकाळी वेटसूट होता, कॉम्प्युटर नव्हता. माणसाने नेला की कावळ्याने, यावर आमच्यात अजून वाद आहे.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे सामानाचे दोन भाग करा. वेटसूट, बूट आणि फिन्स हे मोठं, अवजड, उचलून न्यायला अवघड सामान बाहेर. मास्क, कॉम्प्युटर, टॉर्च, कॅमेरा आणि रेग्युलेटर हे छोटं पण महागडं सामान आत, पंख्याखाली. दोन्ही भाग एकाच दोरीवर टांगायचे नाहीत.

पण त्याआधी धुणं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. न धुता वाळवलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. चेन जाम होते, बटणं अडकतात, धातूला गंज धरतो. डाइव्ह सेंटरवर धुवायचा हौद असतो, पण दुपारपर्यंत वीस जणांचं सामान बुडून त्यातलं पाणीही खारट झालेलं असतं. म्हणून रूमवर बादलीत पुन्हा एकदा धुवा. किनारपट्टीवर अनेक ठिकाणी नळाला विहिरीचं मचूळ पाणी येतं. थेंबभर जिभेला लावून बघा, नाहीतर मिठाने मीठ धुतल्यासारखं व्हायचं.

आता रेग्युलेटर. इथं चूक झाली तर ती पुढच्या डाइव्हला, १८ मीटर खाली कळू शकते. रेग्युलेटरचा एक भाग टाकीवर बसतो, त्याला फर्स्ट स्टेज म्हणतात. दुसरा तोंडात धरायचा, तो सेकंड स्टेज. टाकीवरून काढल्या काढल्या फर्स्ट स्टेजची टोपी कोरडी करून घट्ट बसवा आणि मगच धुवा. सेकंड स्टेजवर मधोमध एक बटण असतं. धुताना ते दाबायचा मोह सगळ्यांना होतो. दाबू नका. टाकी जोडलेली नसताना ते दाबलं की आतली झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. तिथला गंज बाहेरून दिसत नाही. चुकून दाबलंच गेलं, तर दुसऱ्या दिवशी सेंटरवाल्यांना आधी सांगा, लाजू नका. वाळवताना नळ्यांना पीळ पडू देऊ नका, आणि रात्रभर बाहेर ठेवू नका. माउथपीस ही मुंग्या-झुरळांची आवडती जागा आहे. सकाळी तोंडात घालण्याआधी एकदा बघितलेलं बरं.

बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट, आतूनही धुवावं लागतं. नळीतून गोडं पाणी ओता, हलवा, उलटं करून काढून टाका आणि थोडी हवा भरून टांगा. आतल्या बाजू एकमेकींना चिकटल्या की तिथं बुरशी धरते.

वेटसूट आधी उलटा करून वाळवा. अंगाला लागणारी बाजू कोरडी झाली तरच सकाळी तो घालताना जीव नकोसा होत नाही. (पाण्यात गेलं की लघवी जास्त होते, हे वैज्ञानिक सत्य आहे. त्यामुळे उलटा करूनच धुवाही.) खांद्यावर न लटकवता कमरेत दुमडून टाका. आणि वाळवायचा तो सावलीत. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात, कडक उन्हाने ते रबर कडक होतं आणि तडकतं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभे राहा. मालवणच्या होमस्टेची पडवी यासाठी उत्तम जागा, फक्त घरच्या काकूंना विचारून. अंधार पडायच्या आत सगळं आत घ्या, रात्री दव पडलं की दिवसभराचं वाळणं वाया.

हॉटेलच्या खोलीत एक वेगळीच अडचण येते. दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की पंखा, एसी सगळंच बंद. जेवायला बाहेर गेलात की तेवढा वेळ सामान दमटच. रिसेप्शनवर जास्तीचं कार्ड मागा, बहुतेक देतात. एसीला ‘ड्राय’ मोड असेल तर तो लावा, हवेतला ओलावा तो शोषून घेतो.

सुरक्षेचं म्हणाल तर सामान चोरीपेक्षा अदलाबदलीतच जास्त हरवतं. बोटीवर सगळ्यांचे फिन्स काळेच. ठळक रंगाच्या नेलपेंटने किंवा टेपने खूण करा. घरून निघण्याआधी रेग्युलेटर आणि कॉम्प्युटरच्या सिरीयल नंबरचे फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर ‘काळ्या रंगाचा होता’ यापलीकडे सांगता यायला हवं. प्रवास विमा असला तरी बेवारस ठेवलेल्या वस्तूंचे पैसे अनेक पॉलिसी देत नाहीत. पॉलिसीत बाल्कनीसुद्धा बेवारस जागेत धरतात का, ते आधीच वाचून घ्या.

विमानाने परतणाऱ्यांना शेवटच्या दिवशी आपोआप वेळ मिळतो. अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसू नये असा नियम आहे, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात वेटसूटही बऱ्यापैकी वाळतो. ओला भरलात तर त्याचं वजन वाढतं आणि देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोचीच मर्यादा असते. गाडीने मुंबई-पुण्याला येणाऱ्यांनी तो तापलेल्या डिकीत कोंबू नये. मास्क काळ्या रबराला चिकटून ठेवू नका, पारदर्शक सिलिकॉनवर डाग पडतात. चाकू चेक-इन बॅगेत. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून, टोकांना टेप लावून हातातल्या बॅगेत. आणि घरी पोचल्यावर दमलेले असलात तरी बॅगेची चेन तेवढी उघडून ठेवा, तळाशी एखादा ओला मोजा राहिलेला असतोच.