घरचा जिना आणि शेवटची पायरी

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने व्याख्यानमालेत घरच्या जिन्यावर बोलावे, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण हा धडा आम्ही चळवळीतच शिकलो आणि घरी विसरलो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमात पायऱ्या व जिने मजबूत असावेत, त्यांवर अडथळा वा घसरण नसावी, आणि जरूर तेथे भक्कम कठडे असावेत, असे लिहिले होते. त्या कलमाच्या आधाराने आम्ही एका जिनिंगच्या मालकाशी भांडून जिन्याला कठडा मिळविला. त्याच उन्हाळ्यात धनजला आमची आई धाब्यावरून कुरड्यांचे सूप घेऊन उतरताना पडली. खुब्याचे हाड मोडले. "मले वाटलं, जमीन आली," एवढेच ती म्हणाली.

त्या चार शब्दांत या अपघाताचे सारे शास्त्र आहे. जिन्यावर आपण प्रत्येक पायरी पाहत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचे माप कळते आणि पुढे तो त्याच अंदाजाने पडत राहतो. मापात थोडा फरक पडला तरी तो फसतो. चढताना तोल गेला तर पुढची पायरी हाताशी असते. उतरताना पुढे पोकळीच असते.

आम्ही नंतर टेप लावला. वरच्या पायऱ्या साडेसात इंचांच्या, शेवटची अकरा! अंगणाची माती वर्षानुवर्षे पावसाने वाहून गेली होती. पक्क्या घरांत याच्या उलट घडते. जिना झाल्यावर खोलीत फरशी बसवितात आणि खालची पायरी बुटकी होते. दोष एकच, पायऱ्या सारख्या नसणे.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत राहत्या घरासाठी पायरीची उंची फार तर १९० मिलिमीटर आणि पाय ठेवण्याची रुंदी निदान २५० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे सुमारे साडेसात व दहा इंच. नवे घर बांधताना गवंड्याला हे माप आधीच द्यावे. जुन्या जिन्याला थोडक्या खर्चात पुष्कळ करता येते. खाली मुरूम भरून किंवा चिरा बसवून शेवटची पायरी बाकीच्यांएवढी करावी. सुमारे तीन फूट उंचीवर, मुठीत मावेल असा नळ भिंतीला घट्ट बसवावा आणि तो शेवटच्या पायरीपर्यंत न्यावा. पायऱ्यांच्या कडांवर पांढरा पट्टा ओढावा. दिव्याचे बटण खाली व वर, दोन्हीकडे असावे. पायरीवर चपला, डबे ठेवू नयेत. आणि एक हात नेहमी मोकळा ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात दरसाल ६,८४,००० माणसे पडून दगावतात. त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. ही सारी माणसे जिन्यावरूनच पडतात असे नव्हे. पण जिना आपल्या हातातला आहे.

कारखान्यातल्या कामगाराला कायदा होता, युनियन होती. घरात दिवसातून दहादा जिना चढणाऱ्या बाईचे मागणीपत्र कोण लिहिणार? आमची आई आता काठी घेऊन चालते, धाब्यावर जात नाही. तिचा जिना आम्ही नीट केला, पण ती पडल्यावर. तुम्ही आज घरी गेल्यावर टेप काढा, आणि शेवटची पायरी आधी मोजा.